देऊळघाटचा पितळी फवारा आणि मोटेच्या चामड्याचा तह

श्रीशंभुचरणी मस्तक ठेवून, कुलदैवतास स्मरून, सत्य तेच लिहावयाचे आणि सत्यास पेलवतील तितकेच अलंकार त्यावर घालावयाचे, ऐसा नेम धरून हकीकत लिहिली ती येणेप्रमाणे. पूर्वी राज्ये बुडाली ती फितुरीने, अथवा खजिना आटल्याने, हे सर्वश्रुत आहे. परंतु हवा निसटल्याने राज्य बुडू घातले आणि वाटीएवढ्या चामड्याने ते सावरिले, ऐसा दाखला चहू मुलखांत एकच. तो शके अठराशे पंच्याऐंशी, शोभननाम संवत्सरी, महाराष्ट्र राज्य नूतन स्थापन होऊन रयत स्थिरस्थावर होत असता, परगणे बुलढाणे, मौजे देऊळघाट येथे घडला.

देऊळघाटी राजमान्य राजश्री किसनराव पाटील हे थोरले सरकार, आणि त्यांचे धाकटे बंधू राजश्री इंद्रभानराव. उभयतांचे घर एक, चूल एक, मते मात्र दोन. विहिरीलगतचा मळा म्हणजे दौलतीचे नाक. त्यावर थोरल्यांची मर्जी ज्वारीची, कारण वडिलांनी ज्वारी केली आणि वडिलांच्या वडिलांनीही ज्वारीच केली. इंद्रभानरावांचे चित्त मिरचीवर. इंद्रभानराव दोन लेकरांचे बाप, मिशीत एखाददुसरा पांढरा केस आलेला, तरी अमुक वाफ्यात तमुक लावावे, ऐसे स्वमुखे म्हणण्याची मुभा त्यांस आजवर नव्हती. मग पुष्कळ मसलत होऊन, दोन वेळा ताटावरून उठणे होऊन, थोरल्या सरकारांनी फर्माविले की, एक साल मळा तुझे हवाली केला. मिरची साधली तर पुढे बोलावे. बुडाली तर शेतीचे कामी जन्मात तोंड उघडू नये, सांगितले ते नांगरावे. हा करार इंद्रभानरावांनी मान खाली घालून कबूल केला, आणि तेव्हापासून त्यांची निद्रा मिरचीचे रोपांत गुंतली.

ऐसियास श्रावण सरत आला आणि माव्याचा गनीम मळ्यावर चालून आला. हा गनीम तिळाएवढा, वर्णाने हिरवा, स्वभावाने चिकट. पानाचे पाठीमागे छावणी करून रस शोषी, आणि मुंगळे त्याचे हुजरे होऊन मागे मागे फिरत. पाने आकसली, शेंडे वळले, आणि थोरले सरकार बांधावरून नुसते खाकरून गेले. ते खाकरणे इंद्रभानरावांचे काळजात भाल्यासारिखे रुतले.

परंतु इंद्रभानराव बेसावध नव्हते. त्यांनी खामगावाहून एक पितळी फवारा खरेदी करून आणिला होता. त्याची रचना ऐसी की, पोट घागरीसारिखे, गळ्यात दट्ट्या, आणि दट्ट्याचे टोकास चामड्याची वाटी. पोटात दोन हिस्से औषध भरावे, एक हिस्सा मोकळा ठेवावा, आणि दट्ट्या खालीवर करावा; म्हणजे ती वाटी नळीचे अंगास घट्ट बसून हवा आत कोंडी. मग पट्टा खांद्यास अडकवून चावी पिळावी, आणि तोटीवाटे धुके सुटावे. सर्व पराक्रम त्या वाटीचा. ती सुकली तर पितळ नुसते वाजवावयाचे. सबब इंद्रभानराव काम होताच फवारा विसळीत, तोटी फुंकीत, वाटीस एरंडेल लावीत, आणि हे सर्व त्यांच्या पत्नी सौभाग्यवती सुभद्राबाई ओट्यावरून रोज पाहत. हे पाहणेच पुढे अनर्थास कारण जाहले.

तंबाखू भिजत घालून माव्याचे औषध, म्हणजे दारूगोळा, सिद्ध केला, तो पोळा आला. माव्यास पोळा नाही, परंतु देऊळघाटास आहे. पोळ्याचे दिवशी जुंपणे नाही, शेतात कोणतेच काम नाही. आदले सांजेस वऱ्हाडात खांदशेकणी करितात, म्हणजे सालभर जू वाहिलेले बैलांचे खांदे पळसाचे पानाने हळदलोणी लावून शेकितात, आणि आज आवतण घ्या, उद्या जेवावयास या, ऐसे त्यांस विनवितात. ते सुभद्राबाईंनी यथासांग केले. मग त्यांची नजर कोपऱ्यातील फवाऱ्याकडे गेली, आणि त्यांच्या मनात न्याय उपजला की, हाही घरचा, हाही राबतो, हाही खांद्याच्या कामाचा. याचे शेकणे राहिले तर घरास बोल लागेल. तेव्हा त्यांनी नित्य पाहिलेल्या रीतीने दट्ट्या उकलून चामड्याची वाटी काढिली, बैलांस कातडे तैसे यासही हे, ऐसे जाणून कढईतील कढत तुपात हळदीसह मनोभावे सोडिली, आवतण दिले, आणि पुन्हा जागचे जागी बसविली.

पोळ्याचे दुसरे दिवशी, म्हणजे करीस, पहाटे खासा स्वारी मळ्यात दाखल जाहली. इंद्रभानरावांनी दट्ट्या हाणिला. हवा कोंडेना. पुन्हा हाणिला. गळ्याशी वृद्धाने नि:श्वास टाकावा तैसा आवाज निघाला आणि तोटीतून पिवळा थेंब टपकला. कोणी सांगतात की दोन थेंब होते. ते मानू नये, दुसरा इंद्रभानरावांचे कपाळावरील घामाचा होता. मग त्यांनी दट्ट्या उकलून पाहिला, तो चामड्याचे जागी कुरडईसारिखे काही वळलेले, करकरीत, आणि वास साजूक तुपाचा.

घरी येऊन चौकशी मांडिली. सुभद्राबाईंनी काही लपविले नाही. त्या म्हणाल्या, "वर्सभर राबते ना तो? मंग त्याचं कातडं काऊन नाही शेकाचं?"

प्रश्नात खोट नव्हती. परंतु ओट्यावर तंबाखू मळीत बसलेले थोरले सरकार यांनी शास्त्रार्थ केला, तोही सुभद्राबाईंकडे न पाहता, भावास उद्देशून. "काबे इंद्रा, बैल जू वाहते म्हून बैलाचा खांदा शेकतेत. पंप त तुह्या खांद्यावर बसते. मंग खांदा तुह्याच शेकाले पायजे होता."

हा टोमणा गावात दुपारपर्यंत पसरला. तो जिव्हारी लागला, कारण तो बरोबर होता.

नवी वाटी आणावी तर खामगावचा दुकानदार करीसाठी कुलूप घालून पिंपळगाव राजास सासुरवाडीस गेला आहे, ऐसी खबर बसमधून उतरलेल्या उतारूने दिली, आणि इकडे शेंडे तर घटकेघटकेस वळत होते. तेव्हा इंद्रभानरावांनी बसथांब्यावरील सायकलदुरुस्तीचे कारखानदार हिंमतराव यांस पाचारण केले. हिंमतराव हे हवेचे प्रांतातील नामांकित सरदार. तालुक्यातील तमाम चाकांची हवा त्यांच्या ताबेदारीत. त्यांनी जुनी ट्यूब कापून रबराची वाटी घडविली, झाकणाचे आट्यांस अंबाडीचे सूत गुंडाळिले, पोटात निव्वळ पाणी भरिले, आणि अंगणात, थोरल्या सरकारांचे समोर, आस्तीन सारून दट्ट्या मारू लागले. हवा कोंडू लागली. हिंमतरावांचे मुखावर तेज चढले. परंतु सूत फाजील झाल्यामुळे झाकण एकाच आट्यावर धरून होते, हे कोणाचे ध्यानी आले नाही. मग एकाएकी सुरुंग उडावा तैसे दट्ट्यासह झाकण उसळले, हिंमतरावांची टोपी घेऊन गव्हाणीत पडले, आणि पाण्याचा लोट नेमका ओट्यावर जाऊन किसनराव पाटील धोतरासह, तंबाखूच्या बटव्यासह, सचैल न्हाले. रबराची वाटी उलटी होऊन तिच्या दोन फाका जाहल्या. हिंमतराव टोपी झटकून इतकेच बोलले की, रबराचे काम नव्हे, येथे कसलेले चामडे पाहिजे, पाण्यात मुरलेले आणि तेल प्यालेले. आणि ते निघून गेले.

ऐसे चामडे साऱ्या गावात एके ठिकाणी होते. विहिरीवर इंजिन बसण्यापूर्वी जी मोट चाले, ती गोठ्यात खुंटीवर टांगिली होती. मोट बंद जाहली तरी किसनराव दर साल तिला उतरवून एरंडेल पाजीत, पुसून पुन्हा टांगीत, आणि आपण आहोत तोवर हिला सुरी लागणार नाही, ऐसे त्यांनी चारचौघांत सांगून ठेविले होते. इंजिनाचा आग्रह इंद्रभानरावांचा होता. तेव्हा मोटेचे चामडे त्यांनी कोणत्या तोंडाने मागावे? ते गोठ्याचे दारापर्यंत गेले, मोटेकडे पाहिले, ओल्या धोतराने बसलेल्या भावाकडे पाहिले, आणि माघारी येऊन मिरची गेली ऐसे समजून खाटेवर पडले.

तेव्हा सुभद्राबाई उठल्या. आता येथे कठीण पेच ऐसा की, किसनराव त्यांचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आणि भासऱ्यासमोर पदर ढळू द्यावयाचा नाही, त्यांच्याशी शब्द बोलावयाचा नाही, ही घराची रीत. लग्न होऊन आल्यापासून उभयतांत एक अक्षर झाले नव्हते. परंतु वकिलामार्फत बोलण्यास कोणत्याही रीतीची मनाई नाही. गोठ्यात चांद्या बैल उभा होता. शिंगे रंगविलेली, त्यांवर बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगुरमाळ, करीचा दिवस म्हणून पोशाख अद्याप अंगावर. ऐसा वकील दिल्लीदरबारीही शोभता. सुभद्राबाईंनी पदर पुढे ओढिला, बैलाचे कपाळावर हात ठेविला, आणि ओट्यावर ऐकू जाईल ऐसे म्हणाल्या, "चांद्या, इंजिन आलं तवापासून मोट खुटीवरच हाय ना रे?"

किसनराव धोतराचा सोगा पिळीत होते. ते थांबले. मग तेही बैलाकडे तोंड करून बोलले. "चांद्या, तिले सांग, खुटीवर हाय म्हून मेली नाही थे."

"मेली नाही त मंग तिले काम काऊन नाही?"

सुभद्राबाईंनी बैलाचे गळ्याखालची पोळी खाजविली आणि आवाज उतरवून पुढे म्हटले, "चांद्या, ज्या मळ्याले तिनं जलमभर पाणी पाजलं, त्याच मळ्यासाठी तळहाताएवढं कातडं मांगून राह्यली मी. चूक माह्या हातची हाय. त्याहिची नाही. माह्या चुकीपायी त्याहिचं तोंड जलमभराचं बंद नोको होऊ."

तेव्हा वकिलाने मान हालविली आणि घुंगरे वाजली. माशी बसली होती म्हणून हालविली, ऐसे गावातील एक पक्ष म्हणतो. माशी बसली असेल. परंतु वकिलाने मान कशामुळे हालविली हे दरबार पाहत नाही, हालविली की नाही इतकेच पाहतो. किसनराव उठले आणि जाता जाता बैलास म्हणाले, "चांद्या, त्या सायकलवाल्याले म्हना हात लावू नोको. कापीन त मीच कापीन."

त्यांनी मोट उतरविली. तिच्या सोंडेचे कडेचे चामडे पाण्याने मऊ जाहलेले आणि तेलाने भरलेले होते. ते त्यांनी बोटाने चाचपून, पुन्हा चाचपून, जागा मुक्रर केली. सुरी लावताना त्यांनी डोळे मिटले, आणि कापून जाहल्यावर उघडले. मग चकती कोमट पाण्यात भिजवून, पितळी गडव्याचे बुडावर ताणून, सुतळीने आवळून वाटीचा आकार दिला, आणि ती वाळेपर्यंत घरातील कोणतीही चूल पेटू नये, ऐसा हुकूम सादर केला. त्या दिवशी साऱ्या कुटुंबाने शिळ्या पोळ्या खाल्ल्या. इंद्रभानराव खाटेवरून उठून भावाचे शेजारी बसले. सुतळीचे एक टोक थोरल्यांचे हाती, दुसरे धाकट्यांचे. गाठ आवळताना दोघांचेही दात सुतळीत होते.

दिवस कलताना वाटी एरंडेल पिऊन दट्ट्यावर आरूढ जाहली. हवा भरिली, कान लाविला, आणि काही म्हणता काही ऐकू आले नाही. फत्तेची नौबत पुष्कळांनी वाजविली असेल. न वाजणारी नौबत ती हीच. मग तंबाखूचा काढा सुभद्राबाईंचे जुन्या लुगड्यातून दोनदा गाळिला, साबण कालविला, आणि इंद्रभानराव पट्टा खांद्यास लावून मिरचीत शिरले. गनीम पानाचे पाठीशी दडला होता, म्हणून वीराने गुडघे टेकून, मान वाकडी करून, खालून वर मारा केला. तोटीतून धुके सुटले ते ऐसे बारीक की त्यात मावळतीचे ऊन तांबडे दिसले. वाफ्यामागून वाफा गर्द जाहला. टाकी सरली की किसनराव बांधावर स्वतः भरून देत, आणि झाकणाचे आटे मोजून बसवीत.

दुसरे दिवशी उन्हे वर आल्यावर थोरले सरकार एकटेच मळ्यात गेले. त्यांनी एक पान उलटिले. मावा काळा पडून वाळला होता, बोट लाविता झडला. दुसरे उलटिले, तेथेही तेच. मुंगळ्यांची हुजरेगिरी मोडून ते दुसरे धनी शोधावयास गेले होते. मग त्यांनी इंद्रभानरावांस हाक मारिली. इंद्रभानराव धावत आले, आता काय फर्मान होते म्हणून उभे राहिले. किसनराव मिरचीकडेच पाहत म्हणाले, "इंद्रा, पुढच्या साली काय लावाचं म्हन्तं?"

या प्रश्नासाठी इंद्रभानरावांनी अर्धे आयुष्य उत्तरे जमा करून ठेविली होती. कांदा होता, वांगी होती, लसूण होता, उसाचाही एक गुप्त बेत होता. परंतु प्रश्न प्रत्यक्ष समोर येताच तमाम उत्तरे पळाली, आणि जो पुरुष बोलण्याचे हक्कासाठी भांडला, तो घसा साफ करून म्हणाला, "मले जराक इचार करू द्या, दादा."

"कर," थोरले सरकार म्हणाले, आणि घराकडे वळले.

मळ्याची सनद लिहिली गेली नाही, शिक्का उमटला नाही, साक्षी बसले नाहीत. थोरल्याने धाकट्यास शेतीचे विचारिले आणि उत्तरास मुदत दिली, यापरती सनद देऊळघाटी ठाऊक नाही. येणेप्रमाणे मावा गर्दीस मिळाला, मिरची तगली, आणि विहिरीलगतच्या मळ्याची मुखत्यारी राजश्री इंद्रभानराव पाटील यांचेकडे कायम जाहली. ज्यास शंका असेल त्याने बांधावर जाऊन पाहावे. तेथे एक पुरुष हात मागे बांधून वाफ्यांतून अद्याप फेऱ्या घालीत आहे आणि विचार करीत आहे. लेखनसीमा.