नखभर भाईर

आमच्या मंगळवार पेठेतल्या शामूनाना गवंड्यांना लग्नाला बोलावलं, की ते नवरा-नवरीकडं नंतर बघतात. आधी हॉलची भिंत. एक डोळा मिटायचा, मान तिरकी करायची आणि शेजारच्या पाव्हण्याला ऐकू जाईल असं म्हणायचं, “नखभर भाईर हाय.”

तीस वर्षं मी त्यांची शेजारीण. एवढ्या वर्षांत एकाही भिंतीला ‘बराबर हाय’ म्हटलेलं मी ऐकलं नाही. खिशात कायम ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेला पितळी लट्टू. माझ्या लेकीला बघायला पाहुणे आलेले, सगळे अवघडून बसलेले, आणि हे आत येऊन माझ्या भिंतीला ओळंबा सोडून उभे! वर मुलाच्या वडिलांना म्हणतात, “पावणं, जरा सरकून बसा की. कोपरा दिसंना झालाय.” लग्न जमलं, हे माझं नशीब.

विटांचं तर विचारूच नका. दोन विटा एकमेकींवर आपटायच्या, कान द्यायचा. खणखणली तर “ही बोलती.” नाही खणखणली तर “मुकी हाय, भट्टीत कच्ची ऱ्हायली. द्या परत.” आणि वीट भिजवल्याशिवाय कुणी लावली तर संपलंच. “तान्हेली वीट शिमिटाच्या मसाल्यातलं पाणी पिती, मग सांधा मरतोय!” रस्त्यानं जाताना कुणाचंही बांधकाम दिसलं, भिंत सुकलेली दिसली, की आत शिरून पाइप उचलायचा आणि पाणी मारत बसायचं. एकदा तिथल्या मुकादमानं दरडावलं, “कोण तुम्ही?” नाना म्हणाले, “भिंतीचा पावणा.” आणि पाणी मारत राहिले.

तर अशा माणसाचा मुलगा दिनकर यंदा माझ्याकडं आला. नवी गाडी घेतलेली, आणि ती आत घ्यायची तर घरामागच्या परड्यातली जुनी भिंत पाडायला हवी. “काकू, नाना ऐकेनात. दुसऱ्यांच्या भिंती पाडा म्हणून सांगत आयुष्य काढलं, आणि ही सोडेनात. रविवारी माणसं येणार हायत. तुम्ही तरी सांगा.”

मी गेले. त्या भिंतीपुढं नानांनी वर्षानुवर्षं सरपण रचलेलं होतं, म्हणून ती मी कधी पाहिली नव्हती. आता सरपण हलवलेलं. गिलावा नसलेली उघडी भिंत, आणि कमरेएवढ्या उंचीवर विटांचा एक थर चढउतार करत गेलेला. कुठं वीट पुढं आलेली, कुठं सांध्यावर सांधा. अगं बाई! तीस वर्षं मी याच दिवसाची वाट बघत होते.

“नाना, हे काय हो? नखभर नाही, चांगलं दोन बोटं बाहेर आहे!” मी पोट धरून हसले.

नाना हसले नाहीत. टोपी काढून म्हणाले, “त्यो थर चंपीचा हाय.”

चंपाबाई म्हणजे त्यांची बायको. जाऊन सहा वर्षं झाली.

“आमच्यात बाईच्या हातात थापी देत न्हाईत, वैनी. तिनं घमेलं उचलायचं, विटा द्यायच्या. चाळीस वर्सं माज्या हातात वीट दिली तिनं. ह्ये घर बांधताना म्हणाली, एक थर मी लावणार. लावला. आन् मी काय केलं? लोकं हसतील म्हणून फुडं सरपण रचलं. गवंड्याच्या घरात आसली भिंत!” ते त्या थराकडं वळले. “तिला कळलं आसंल का वो?”

कळलंच असणार. मी पदरानं त्या थरावरची धूळ पुसली.

शनिवारी सकाळी नाना आमच्या दारात. माझ्या गच्चीच्या कठड्याचं काम चाललेलं त्यांना ठाऊक होतं. मान खाली घालून म्हणाले, “वैनी, तुमच्या कठड्यात एक थर वाकडा चालंल का?”

“चालंल म्हणजे? रस्त्याच्या बाजूलाच लावा. बघू दे सगळ्या पेठेला.”

माणसं यायच्या आत नानांनी वरचे थर स्वतःच उतरवले; भिंत मातीत बांधलेली, त्यामुळं चंपाबाईंच्या थरातल्या बावीस विटा अख्ख्या निघाल्या. नानांनी त्या बादलीत भिजवल्या, थापी घेतली आणि तीन लावल्या. सरळ. काढल्या. पुन्हा लावल्या. पुन्हा सरळ! चौथ्यांदा त्यांनी माझ्याकडं बघितलं ते अगदी रडवेलं होऊन.

“हात ऐकंना वो. वाकडा जातच न्हाई. तुमी लावा.”

मी! कुंडीची माती नीट न दाबता येणारी बाई! पण त्यांनी थापी माझ्या हातात दिली, पदर खोचायला सांगितलं आणि स्वतः बादलीपाशी बसले. एकेक ओली वीट उचलून मला देत गेले. मी मसाला सांडत, विटा दाबत, घामाघूम होत बावीस लावल्या. चढउतार अगदी झकास जमला.

शेवटची वीट बसली तसे नाना उठले. ओळंबा खिशातच होता. एक डोळा मिटला, मान तिरकी केली आणि बराच वेळ बघत राहिले. मला तर रडू आवरेना, खोटं कशाला सांगू.

“बराबर हाय,” नाना म्हणाले.