डेन्मार्कच्या येस्परचा अशक्तपणा

"परदेशी माणूस पुण्यात रुळवणं? डाव्या हातचा मळ आहे माझ्या!"

प्रज्ञेश ओव्हाळनं भर मीटिंगमध्ये हे वाक्य टाकलं आणि खुर्चीत ऐटीत रेलून बसला. कंपनी डॅनिश, शीतगृहांची यंत्रं बनवणारी, कारखाना पुण्याजवळ मांजरीला. डेन्मार्कहून येणारी यंत्रं उत्तम चालायची. बंद पडायची ती सोबत आलेली माणसं. पहिला इंजिनिअर ट्रॅफिकला भिऊन पळाला. दुसरा का पळाला हे कुणालाच कळलं नाही, कारण त्यानं विमानतळावर पोचल्यावरच फोन केला. आता तिसरा येत होता, येस्पर. हा टिकला तर दिवाळीनंतर प्रज्ञेशची बायकोसकट दोन वर्षांसाठी डेन्मार्कला रवानगी. नाही टिकला, तर प्रज्ञेश आणि मांजरी, मांजरी आणि प्रज्ञेश! शिवाय मैत्रीनं, म्हणजे प्रज्ञेशच्या बायकोनं, ही बातमी धायरीच्या आत्यापर्यंत पोचवली होती. म्हणजे आता माघार घ्यायची सोयच उरली नव्हती.

येस्पर डोळ्यांसमोर राहावा म्हणून प्रज्ञेशनं त्याला कर्वेनगरला आपल्याच सोसायटीत, वरच्या मजल्यावर फ्लॅट बघून दिला. रस्ता कसा ओलांडायचा ते हात धरून शिकवलं. "पाच मिनिटांत पोचतो" असं कुणी म्हणालं की खुशाल जेवायला बसायचं, हेही सांगितलं. येस्पर भलताच आज्ञाधारक. मागचे सगळे हॉर्न वाजवून कोकलत असले तरी लाल सिग्नलला देवळासमोर उभं राहावं तसा उभा राहणारा!

पहिल्याच रविवारी समोरच्या फ्लॅटमधल्या आनंदीकाकू साठे स्टीलच्या डब्यातून शिरा घेऊन आल्या. काकू शाळेतून निवृत्त झालेल्या, इंग्रजी खणखणीत. येस्परनं शिरा खाल्ला, डबा घासून पुसून लख्ख केला आणि परत द्यायला निघाला. प्रज्ञेश तिथंच होता. त्यानं झडप घालून त्याला अडवलं.

"रिकामा? अहो, असं चालत नाही! शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही. काहीतरी घालूनच द्यायचा."

"नेहमी?"

"नेहमी!" प्रज्ञेश छातीठोकपणे म्हणाला.

झालं! येस्परनं डब्यात डेन्मार्कचं चॉकलेट घातलं. काकूंना वाटलं, एवढं उंची चॉकलेट दिलं पोरानं, आता साधे पोहे पाठवले तर बरं दिसेल का? त्यांनी सुरळीच्या वड्या पाठवल्या. चॉकलेट संपलं होतं, म्हणून येस्परनं ओव्हन आणून विटेसारखा काळा पाव भाजला. काकूंनी पाव हातात तोलून पाहिला आणि पुरणपोळ्या लाटल्या. त्यावर सफरचंदाचा केक गेला. केकवर अनारसे आले! आता अनारसे म्हणजे काय थट्टा आहे? तांदूळ भिजवायचे, वाळवायचे, कुटायचे. काकूंच्या गुडघ्यांनी संप पुकारला. इकडे येस्पर पहाटे उठून लोणी फेटत बसायचा आणि दिवसा मांजरीच्या कारखान्यात कॉम्प्रेसरला टेकून पेंगायचा.

"गोड आहे हो मुलगा," काकू जिन्यात प्रज्ञेशला म्हणाल्या, "पण जरा दम खाईल तर बरं."

"मग काकू, तुम्हीच थांबा की!"

"मी? त्याचा केक खाऊन गप्प बसू? लोक काय म्हणतील? साठ्यांच्या घरी रीतभात नाही?"

प्रज्ञेश येस्परकडे गेला, तर त्याच्या मिशांना पीठ लागलेलं.

"नियम म्हणजे नियम," येस्पर म्हणाला. "पण प्रज्ञेश, मी यंत्रं बसवायला आलो होतो. आता मी बेकरी चालवतो. शुक्रवारी बिर्गिट येतायत ना? मी त्यांना सांगणार आहे, मला घरी पाठवा."

बिर्गिट म्हणजे डेन्मार्कच्या मोठ्या साहेब! डेन्मार्क प्रज्ञेशच्या डोळ्यांदेखत नकाशावरून पुसलं जाऊ लागलं. आणि आज बुधवार!

रात्रभर तळमळून त्यानं एक बेत शिजवला. डबाच नाहीसा झाला तर? येस्परला सांगायचं, काकू घेऊन गेल्या. काकूंना वाटेल, अजून येस्परकडेच आहे. शुक्रवार पार पडला की डबा आपोआप सापडेल. कंपनीनं फ्लॅट घेतलेला, त्यामुळे दुसरी किल्ली प्रज्ञेशकडेच होती. गुरुवारी येस्पर मांजरीला गेल्यावर तो चोरपावलांनी वर गेला, घासून ठेवलेला डबा शर्टाखाली कोंबला, दाराला कुलूप लावलं आणि वळला, तर समोर काकूंचे यजमान, यज्ञेश्वरकाका, हातात दुधाची पिशवी घेऊन उभे!

"काय प्रज्ञेशराव, पोट फारच चौकोनी दिसतंय आज."

"अं? नाही... हे आपलं... डबा!"

काकांनी चष्मा वर केला. डब्यावर नाव कोरलेलं होतं: सौ. आनंदी य. साठे.

"त्यातला 'य' म्हणजे मी," काका म्हणाले. "आमचा डबा आपल्या शर्टात काय करतोय?"

"परत द्यायलाच निघालो होतो! येस्परनं सांगितलं होतं."

तेवढ्यात दार उघडून काकू बाहेर आल्या. त्यांनी डबा हातात घेतला, झाकण काढलं, आत पाहिलं. मग डबा उपडा करून पाहिला.

"रिकामा?" काकूंचा आवाज कापला. "अनारसे आवडले नाहीत का त्याला?"

खरं सांगावं तर चोरी कबूल करावी लागणार. प्रज्ञेशच्या तोंडून निसटलं, "त्याला बरं नाहीये, काकू. अशक्तपणा आलाय."

"सकाळी तर दोन-दोन पायऱ्या गाळत खाली गेला," काका म्हणाले.

"गप्प बसा हो तुम्ही! परक्या मुलखात एकटं पोर, सांगणार तरी कुणाला?" काकूंच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. प्रज्ञेशला मनापासून लाज वाटली, पण लाजेपेक्षा डेन्मार्क मोठं होतं. काकूंनी मात्र तिथल्या तिथं फोन काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर एक कळकळीचा निरोप टाकला. आगीतून फुफाट्यात!

शुक्रवारी सकाळी प्रज्ञेश बिर्गिटबाईंना विमानतळावरून घेऊन आला. मांजरीला जायच्या आधी त्यांना येस्परचं घर बघायचं होतं. लिफ्टमध्ये चेअरमन भेटले.

"येस्परना बघायला आलात? सीरियस आहेत म्हणे," चेअरमन हळूच पण इंग्रजीतून म्हणाले.

बिर्गिटबाई गर्रकन वळल्या. "येस्पर आजारी आहे? आणि तुम्ही मला सांगितलं नाही?"

लिफ्ट कधी नव्हे ती न अडकता वर पोचली, हेही प्रज्ञेशच्या नशिबातच होतं.

दार सताड उघडं होतं. दारापासून पार सोफ्यापर्यंत डबेच डबे! पितळी, स्टीलचे, कप्प्यांचे, कापडानं झाकलेले. पेज, मुगाची खिचडी, डिंकाचे लाडू, खुद्द मैत्रीनं पाठवलेलं पायाचं सूप! आणि मधोमध येस्पर उभा, पूर आलेल्या नदीत एखादा खांब उभा असावा तसा, पांढराफटक. डोक्यात हिशेब चाललेला स्पष्ट दिसत होता: इतके डबे, इतके पाव, इतके केक...

"बिर्गिट," तो म्हणाला, "मला तुम्हाला काहीतरी..."

प्रज्ञेशनं डोळे मिटून घेतले.

"बोलू नकोस, बाळ, धाप लागेल!" आनंदीकाकू पुढे सरसावल्या. "आणि एक सांगून ठेवते. यातलं काहीही परत द्यायचं नाही! आजारी माणसाकडून कुणी भरला डबा घेत नसतं."

येस्परचं तोंड उघडंच राहिलं. "आजारी माणसानं डबा... रिकामा दिला तर चालतो?"

"रिकामाच द्यायचा!"

येस्परनं प्रज्ञेशकडे पाहिलं. मग डब्यांकडे पाहिलं. आणि जन्मात खोटं न बोललेला तो माणूस अगदी मन लावून खोकला!

"काय सांगत होतास?" बिर्गिटबाईंनी विचारलं.

"हेच, की मला इथं फार छान वाटतंय," येस्पर म्हणाला आणि डिंकाचा लाडू उचलला.

दाराशी उभे असलेले यज्ञेश्वरकाका एवढंच म्हणाले, "अशक्तपणाला भूक बरी आहे."

मांजरीच्या वाटेवर बिर्गिटबाई म्हणाल्या, "माझ्या समोरच्या दारामागे कोण राहतं, हे मला आजवर माहीत नाही. हे सगळं तुम्ही घडवून आणलंत?"

इथं प्रज्ञेशनं विनयानं नाही म्हणायला हवं होतं. पण दोन दिवस जीव मुठीत धरून बसलेला माणूस तो. त्याची छाती आपोआप फुगली. "अगदी पहिल्यापासून माझंच प्लॅनिंग, मॅडम!"

"मला वाटलंच," बिर्गिटबाई म्हणाल्या आणि त्यांनी पर्समधून फोन काढला.

संध्याकाळी तो घरी आला, तेव्हा मैत्री कपाटातले स्वेटर पलंगावर पसरून बसली होती.

"काय म्हणाल्या बाई? तिकिटं कधीची?"

"पुढच्या सोमवारची," प्रज्ञेश बूट काढत म्हणाला. "चार."

"चार कशाला? आपण तर दोघंच!"

"आपली नाहीत गं. तिकडून चौघं येतायत. मला त्यांना विमानतळावर घ्यायला जायचंय."