एकशे अठरा ग्रॅम चवीपुरतं

साधेपणा ही इतकी नाजूक गोष्ट आहे, की ती साध्या माणसांच्या हाती सोपवून चालत नाही. तिच्यासाठी नियम लागतात, नियमांसाठी समिती लागते आणि समितीसाठी दुपारचं जेवण लागतं. ही हकिगत त्या जेवणाची आहे.

वजनमापांच्या कचेरीत दुकानदारांचे तराजू, वजनं आणि लिटरची मापं तपासून पास-नापास होत. सगळा दिवस मोजण्यात जात असल्यामुळे तिथल्या माणसांना न मोजलेलं काही दिसलं की कसंनुसं होई. दारातला शिपाईसुद्धा कोणाला ‘जरा थांबा’ म्हणत नसे. ‘साडेचार मिनिटं थांबा’ म्हणे. (लागायची वीस. पण चूक मान्य मर्यादेत धरली जाई.)

या कचेरीत शिक्केकाका पास झालेल्या वजनांवर शिक्का मारायचे काम करत. तेवीस वर्षांत त्यांचा ठोका कधी वाकडा पडला नव्हता. मात्र त्यांचं एक गुपित होतं. तीन वर्षांपूर्वी त्यांना मोठा ताप आला आणि जाताना जिभेची चव सोबत घेऊन गेला. भाडेकरू बिऱ्हाड हलवतो तशी गेली, न सांगता, मागे एक खिळासुद्धा न ठेवता. गूळ आणि खडू त्यांना सारखेच. काकांनी हे कोणाला सांगितलं नाही. सांगून मिळणार काय, तर उपाय. आणि बायकोला सांगावं, तर तिनं तीस वर्षं चुलीपुढे उभं राहून जे केलं त्याला आता काय अर्थ, असं तिला वाटायचं. म्हणून ते रोज पहिल्या घासाला ‘वा’ म्हणत.

“अहो, आज भाजीत मीठ टाकायलाच विसरले मी,” एकदा बायको म्हणाली.

“तरीच! म्हटलं, आज काहीतरी वेगळंच छान लागतंय.”

“तुमच्यापुढे उशीचा अभ्रा कापून वाढला तरी पोळी मऊ झालीय म्हणाल.”

काका हसले. संसारात असं हसणं मोजायचं माप अजून निघालेलं नाही.

कचेरीच्या मागच्या बाजूला, तुटक्या तराजूंच्या खोलीला लागून, एक स्वयंपाकघर होतं. तिथे मावशी बावीस वर्षं एकच जेवण करत होत्या. बटाटे, कांदे, तेल, मीठ. एवढंच. कांदा तेलात सावकाश, अगदी सोन्यासारखा होईपर्यंत परतायचा, बटाटे घालायचे, पाणी ओतायचं आणि झाकण ठेवून त्यांना एकमेकांशी बोलू द्यायचं. सोबत पाव. मावशी काम करता करता गुणगुणत,

कांदा चिरते गं बाई, डोळा पाण्यानं भरला,
मीठ सोडते चिमटीनं, हात मायेनं धरला.

बावीस वर्षांत एकदाही कोणी हे जेवण चविष्ट आहे असं म्हटलं नव्हतं. एकदाही कोणी पातेल्यात काही उरू दिलं नव्हतं.

मग परिपत्रक आलं. ‘साधे जेवण नियमावली’. जे जेवण पाच किंवा त्याहून कमी जिन्नसांत होतं, त्याची ‘साधे’ म्हणून नोंद करावी. नोंद नसलेली स्वयंपाकघरं महिनाअखेर बंद करून त्या जागी डबे गरम करणारं कपाट बसवावं. कपाट आलंसुद्धा. पुठ्ठ्यात गुंडाळलेलं, मावशींच्या दारात, सासरी निघालेल्या पोरीसारखं तोंड झाकून उभं राहिलं.

मावशींनी अर्ज भरला. अर्ज अकरा पानी होता, कारण जिन्नस चारच असल्यामुळे प्रत्येकाला भरपूर जागा देता आली होती. बटाटे: दहा किलो. कांदे: तीन किलो. तेल: अर्धा लिटर. मीठ: चवीपुरतं.

अर्ज परत आला. ‘चवीपुरतं’ या शब्दाखाली लाल रेघ आणि समासात एकच प्रश्न: कोणाच्या?

मोठ्या साहेबांनी मावशींना बोलावून घेतलं. साहेब नवे होते आणि अन्यायाची त्यांना मनापासून चीड होती.

“मावशी, ही चव नक्की कोणाची?”

“खाणाऱ्याची, साहेब.”

“खाणारे त्रेचाळीस आहेत.”

“मग त्रेचाळिसांची.”

“पातेलं किती?”

“एक.”

“बघा! म्हणजे बेचाळीस जणांवर अन्याय होतोय. रोज. बावीस वर्षं.”

मावशींनी फडक्याला हात पुसले. “साहेब, अंदाजानं टाकते हो मी.”

‘अंदाज’ हा शब्द वजनमापांच्या कचेरीत उच्चारला गेल्यावर जी शांतता पसरली, ती पावणेदोन मिनिटं टिकली.

समिती बसली. मिठाबाबत कर्मचाऱ्यांचं मत घेण्यात आलं. कमी असतं म्हणणारे अकरा, जास्त असतं म्हणणारे नऊ, बरोबर असतं म्हणणारे चौदा, रजेवर सहा, आणि ‘वरिष्ठांचं मत कळल्यावर सांगतो’ म्हणणारे तीन. यावरून समितीनं असा निष्कर्ष काढला, की मीठ निर्दोष असून जिभा सदोष आहेत. प्रत्येक किलोमागे जसं कपाटात ठेवलेलं एक प्रमाण वजन असतं, तशी प्रमाण जीभ लागणार.

तक्रारवही चाळण्यात आली. बेचाळीस जणांच्या मिळून तीनशे सात तक्रारी निघाल्या. काकांची एकही नव्हती. इतकंच नव्हे, मध्यंतरी मावशींना मुलीच्या आजारपणाचा निरोप आला आणि त्या घाईत मीठच पडलं नाही, त्या दिवशी कचेरीत हलकल्लोळ माजला होता. काकांनी मात्र दुसऱ्यांदा वाढून घेतलं होतं. समितीच्या मते ही स्थिरता जिभेत क्वचित सापडते. प्रमाण जीभ म्हणून काकांची निवड झाली.

काका नाही म्हणायला साहेबांच्या दारापर्यंत गेले होते. पण तोवर पाटी रंगवून झाली होती: ‘प्रमाण जीभ. बोलावल्याशिवाय आत येऊ नये.’ तेवीस वर्षं दुसऱ्यांच्या वजनांवर शिक्के मारले, आज पहिल्यांदा कोणी त्यांना वजन दिलं. पाटीचा रंगही ओला होता. ओल्या रंगाला नाही कसं म्हणायचं?

जिभेचे नियम ठरले. तपासणीपूर्वी दोन तास चहा नाही. पाकिटं चाटून बंद करायची नाहीत. खोटं बोलायचं नाही, कारण त्यानं जीभ झिजते. (ही अट पुढे सर्व कर्मचाऱ्यांना लागू करण्याची सूचना आली, पण कामकाज थांबेल म्हणून फेटाळली गेली.)

चाचणीच्या दिवशी पातेल्याभोवती समिती बसली. मावशींनी तराजूतून एकेक ग्रॅम मीठ सोडायचं, ढवळायचं, चमचाभर रस काकांना द्यायचा आणि काकांनी ‘कमी’ किंवा ‘पुरे’ म्हणायचं. मग समिती चाखणार, ‘पुरे’ चुकलं तर नोंद रद्द. दारात कपाट वाट बघत होतंच.

“कमी,” काका म्हणाले. “कमी.” “कमी.” चाळीस चमचे झाले, सत्तर झाले. जिभेवर नुसती ऊब येत होती आणि जात होती. आपल्या एका शब्दावर या बाईची बावीस वर्षं टांगली आहेत आणि आपल्याला गरम पाण्यापलीकडे काही कळत नाही. कबूल करावं तर प्रमाण नाही, म्हणजे नोंद नाही, म्हणजे कपाट. काकांनी नव्वदावा चमचा गिळला आणि मावशींकडे पाहिलं.

मावशी पातेल्यात बघत होत्या. मीठ सोडणारी बोटं सावकाश चालत होती आणि ओठ हलत होते. तेच गाणं, आवाजाविना. एकशे अठराव्या ग्रॅमला ओठ थांबले. मावशींनी डाव पातेल्याच्या काठावर आडवा ठेवला आणि काकांकडे न बघता हात पुसले.

“पुरे,” काका म्हणाले.

समितीनं चाखलं. टाळ्या झाल्या. नोंद झाली. कपाट परत गेलं.

समिती निघून गेल्यावर काका तिथेच रेंगाळले. “मावशी, तुम्हाला ठाऊक होतं?”

“बिनमिठाचं दुसऱ्यांदा मागून घेतलंत, तेव्हाच.”

“मग बोलला नाहीत?”

“काय बोलायचं? तुम्हाला चव नव्हती, तरी रोज सगळ्यांच्या आधी ताट घेऊन उभे असायचात. मी म्हटलं, भूक तरी शाबूत आहे माणसाची. पाव घ्या अजून एक. एकशे अठरा चमचे पाणी प्यालात.”

त्यानंतर रोज सकाळी एकशे अठरा ग्रॅम मिठाची मोहोरबंद पुडी स्वयंपाकघरात येऊ लागली. बटाटे मात्र परिपत्रक वाचत नाहीत. कधी ते नवे आणि पाणचट येत, कधी जुने आणि गोडसर. कोणी म्हणे खारट, कोणी म्हणे अळणी. पण जेवण आता प्रमाणित असल्यामुळे तक्रार करणाऱ्याची जीभ दुरुस्तीला पाठवण्याची नोटीस निघे. पंधरवड्यात सगळ्या बेचाळीस जिभा एकमुखानं ‘बरोबर’ म्हणू लागल्या. कचेरीच्या वार्षिक अहवालात याला ‘चवीतील लक्षणीय सुधारणा’ म्हटलं आहे. मग मावशींनी पुड्या फळीवरच्या बरणीत रिकाम्या करायला सुरुवात केली आणि मीठ पुन्हा चिमटीनं सोडायला लागल्या. जेवण खरोखरच बरोबर होऊ लागलं. कोणाच्याही लक्षात आलं नाही.

एका मंगळवारी काकांनी पहिला घास घेतला आणि ते थांबले. आधी कांदा आला, गोड, कडेला किंचित जळका. मागून बटाटा आला. आणि मग, घरी परतलेल्या माणसानं अंधारात दिव्याचं बटण चाचपावं तसं, सगळ्याखाली कुठेतरी मीठ. तीन वर्षांनी. काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि ते मोठ्यानं म्हणाले,

“मावशी, आज मीठ जरा कमी आहे!”

बेचाळीस घास हवेत थांबले.

“आहे खरं कमी,” मावशी म्हणाल्या. त्यांचाही आवाज जरा ओला झाला होता. “मुलगी गावाला निघाली आज. लक्ष नव्हतं माझं.”

प्रमाण जिभेनं प्रमाण जेवणाला नावं ठेवली, म्हणजे दोहोंपैकी एक चूक. जेवण चूक ठरलं तर कपाट परत येणार. काका जागेवर गेले आणि त्यांनी स्वहस्ते अर्ज लिहिला: ‘माझी जीभ चालू झाली असून मी या पदास अपात्र आहे. जेवणात दोष नाही.’ खाली सवयीनं शिक्का मारला. ठोका तेवीस वर्षांत पहिल्यांदा वाकडा पडला. अर्ज त्याच दिवशी मंजूर झाला आणि पाटी भिंतीवरून उतरवली गेली.

त्या संध्याकाळी काका घरी जेवायला बसले. पहिल्या घासाला ‘वा’ म्हणाले नाहीत.

“का हो, काय झालं?” बायकोनं घाबरून विचारलं.

“तिखट झालंय थोडं.”

तीन वर्षांत इतकं सुंदर कोणी काही बोललंच नव्हतं, अशी बायको हसली आणि म्हणाली, “तिखट लागत असेल तर उठून करा आपलं आपण!”

प्रमाण जिभेचं पद तेव्हापासून रिकामं आहे. शिक्षणाची अट नाही, वयाची अट नाही. परीक्षा एकाच प्रश्नाची आहे: आज तुम्ही जे जेवलात, त्यात मीठ कसं होतं? ज्यांना नीट आठवतं, त्यांनी अर्ज करू नये. ‘चांगलं होतं की’ असं चटकन म्हणणाऱ्यांना प्राधान्य आहे. तुम्ही वेगळा अर्ज करण्याची तसदी घेऊ नये. तुमच्यासाठी घरून शिफारस आधीच आलेली आहे.