व्याजाने घेतलेली पत

वसुलीवाला गल्लीत शिरला की लोक मागच्या दाराने निघून जातात. आमच्या बुवापाड्यात एक जण तर तासभर संडासात बसून राहायचा. काशिनाथ गायकर हे मी पाहिलेले एकच कर्जदार, जे वसुलीवाल्याची वाट बघत नळापाशी उभे राहायचे. सकाळी सातला, अंघोळ करून, भांग पाडून, हातात दहाची नोट घेऊन. वसुलीवाल्याला पाच मिनिटं उशीर झाला तर त्यालाच झापायचे.

"शेठ, सात म्हणजे सात! टायमात म्हणजे टायमात!"

परसूशेठ उल्हासनगरहून सायकल मारत आलेला असायचा, घामाघूम. सायकल भिंतीला टेकवून म्हणायचा, "साईं, पूरा अंबरनाथ मेरे से भागता है. एक तू है, जिससे मैं डरता हूँ."

आमच्या दोन घरांच्या मध्ये एकच भिंत होती. मी काशीभावजी म्हणायची, ते मला वहिनी. आम्ही दोघंही रंगाच्या एकाच कारखान्यात होतो, मी पॅकिंगला, ते मिक्सिंगला. त्यांची बोटं कायम निळी. नोटेवरही निळा अंगठा उमटलेला असायचा.

या माणसाने कर्ज का घेतलं हे सांगायचं तर कोंबड्यांपासून सुरू करावं लागेल.

ब्याऐंशीच्या आसपास भावजींनी कारखान्याच्या पतपेढीतून तीन हजार रुपये उचलले आणि घरामागे पोल्ट्री काढली. दोन जामीनदार लागतात. एक त्यांचा मुकादम, दुसरी मी. माझा नवरा म्हणाला, "सही करताना हात मोडला होता काय तुझा?" मी म्हटलं, शेजारधर्म आहे. तेव्हा मला काय माहीत, की भावजी आणि त्यांची बायको सुमन सगळ्या पिल्लांना नावं ठेवणार आहेत! एक शकू, एक बेबी, एक मास्तरीण. नाव ठेवलेली कोंबडी कापायला कोण देतं? गिऱ्हाईक दारात आलं की भावजी सांगायचे, "ही नको, ही जरा लाजरी आहे." कोंबड्या खाऊन खाऊन म्हाताऱ्या झाल्या, मग रोग आला आणि आठवड्यात सगळ्या गेल्या. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. सुमन दोन दिवस जेवली नाही. मी तेव्हा तिला वेड्यात काढलं होतं.

त्यातच कारखान्याला टाळं लागलं. टाळं उघडलं तोवर भावजींचे हप्ते इतके थकले होते, की पतपेढीने माझ्या आणि मुकादमाच्या पगारातून पैसे कापले. मी भिंतीला तोंड लावून इतक्या शिव्या दिल्या, की पलीकडे भांडी वाजायची थांबली.

भावजींनी पुढच्या वर्षभरात सगळं फेडलं. माझे पैसे माझ्या हातावर मोजून ठेवले. पण पतपेढीच्या बाहेर थकबाकीदारांचा बोर्ड होता आणि त्यावर त्यांचं नाव लिहिलेलं होतं. दुसऱ्या पतपेढ्या खडूने लिहितात. आमचा कारखाना रंगाचा, आमच्याकडे ऑइलपेंट फुकट. नाव कायमचं बसलं, पांढरंशुभ्र, दोन वर्षांनीसुद्धा काल लिहिल्यासारखं. रोज कामावर जाताना त्या बोर्डाखालून जावं लागायचं. भावजी तेवढ्यापुरती छत्री उघडायचे. उन्हातसुद्धा.

एकदा ते चेअरमन शेलारसाहेबांकडे गेले. मी मागे रांगेत होते, सगळं ऐकलं.

"साहेब, पैसे फिटले. नाव काढा."

"पैसे फिटले रे, पत कुठे आली? टायमावर फेडतोस हे आधी दिसलं पाहिजे."

"मग एक छोटं कर्ज द्या. फेडून दाखवतो."

"पत नसलेल्याला कर्ज देता येत नाही."

"आणि कर्जाशिवाय पत कशी येणार?"

"ते तू बघ," साहेब म्हणाले.

भावजींनी बघितलं. पत नसलेल्याला कर्ज देणारा एकच माणूस त्यांना माहीत होता, परसूशेठ. त्याच्या डायऱ्या चालायच्या. तो हातात नऊशे द्यायचा आणि रोज दहा दहा करून शंभर दिवसांत हजार घ्यायचा. एका दिवसाला डायरीचं एक पान, आणि त्यावर शेठची सही. एवढं व्याज फक्त अडलेला माणूस देतो. भावजी कुठेच अडलेले नव्हते. त्यांनी नऊशे रुपये बिस्किटांच्या डब्यात ठेवले आणि त्याच डब्यातून रोज दहा काढून द्यायला सुरुवात केली. शेवटचे दहा दिवस पगारातून.

शेठला हे कळलं तेव्हा तो आमच्या ओट्यावर मटकन बसला. "साईं, मेरा ही पैसा मेरे को वापस देता है? ऊपर से ब्याज? डॉक्टर को दिखा."

"तुम्ही फक्त लिहा, शेठ," भावजी म्हणाले. "रोजचं रोज लिहा."

त्यांना सवयच लागली. घरात साखर असताना माझ्याकडे वाटीभर साखर मागायला यायचे आणि दुसऱ्या दिवशी बरोब्बर त्या वेळेला परत आणून द्यायचे. "वहिनी, टायमात हां! लक्षात ठेवा." मी म्हणायची, "साखर तीच आहे, मुंग्या तेवढ्या तुमच्या." पण त्यांच्यावर परिणाम शून्य.

अशा सात डायऱ्या झाल्या. सातशे रुपये व्याज. तेवढ्यात मी घराला नवे पत्रे टाकले असते. पाचव्या डायरीच्या वेळी सुमन गेली, कावीळ झाली होती. तरी डायरी चालूच.

मग पतपेढीची वार्षिक सभा आली. कॅन्टीनमध्ये शंभर-सव्वाशे माणसं, चहा आणि बटाटेवडा. विषय संपत आले तसे भावजी उठले, इस्त्रीचा शर्ट घालून. सात डायऱ्या त्यांनी शेलारसाहेबांच्या टेबलावर ठेवल्या.

साहेबांनी वरची उघडली. उलटी धरली. मग सुलटी धरली. मग चष्मा काढला.

"हे काय आहे?"

"माझी पत," भावजी म्हणाले.

सगळं कॅन्टीन हसलं. डायरी उजवीकडून डावीकडे, सिंधीत लिहिलेली होती. शेठला दुसरं लिहिताच येत नव्हतं. सातशे दिवस भावजींनी सही घेतली, पण आपल्याबद्दल काय लिहिलंय ते त्यांना एक अक्षर वाचता येत नव्हतं. सभेलाही नाही. भावजींचा चेहरा पडला. हे त्यांच्या डोक्यातच आलेलं नव्हतं.

मी मागून ओरडले, "लाजवंतीबाईंना द्या की!"

लाजवंतीबाई ऑफिसात टाइपिस्ट, उल्हासनगरच्या सिंधी. हातातला वडा संपवून, हात पुसून त्या पुढे आल्या.

"कुठलंही पान वाचा," साहेब म्हणाले.

"दहा मिळाले," बाईंनी वाचलं. पान उलटलं. "दहा मिळाले." आणखी उलटलं. "दहा मिळाले. मला दहा मिनिटं उशीर, पार्टीने शिव्या दिल्या." कॅन्टीनमध्ये खसखस पिकली. "वालधुनी नदीला पूर. पार्टी कंबरभर पाण्यातून माझ्या दुकानात आली. नोट ओली. दहा मिळाले." आता लोक टेबलं बडवायला लागले. "पार्टीला ताप. खिडकीतून हात बाहेर. दहा मिळाले."

त्यांनी पाचवी डायरी घेतली. एक पान उघडलं आणि मनातच वाचलं.

"वाचा ना बाई," साहेब म्हणाले.

"पार्टीच्या घरी मयत," त्यांनी हळू वाचलं. "मी पैसे न मागता निघालो. पार्टी नाक्यापर्यंत मागे धावत आली. दहा मिळाले. पार्टीला सायकलवर बसवून घरी सोडलं."

कोणी हसलं नाही. मला तो दिवस आठवत होता. सुमनची तिरडी बांधत होते आणि तिचा नवरा कुठे दिसत नव्हता. सगळ्यात जास्त मीच बडबडले होते.

साहेबांनी डायरी मिटली. "काशिनाथ, हे सावकाराचं खातं. नियमात बसत नाही. शिवाय त्या वेळच्या जामीनदारांची काही हरकत..."

मुकादम रिटायर झालेला होता. मी उभी राहिले. "जामीनदार मी. पैसे माझ्या पगारातून कापले, आणि त्यांना सगळ्यात जास्त शिव्या मीच दिल्या. माझी हरकत नाही, मग तुमची कसली? आणि या कमिटीतल्या कोणी सातशे दिवस काहीतरी टायमावर केलं असेल तर त्याने हात वर करावा."

एकही हात वर आला नाही. मग साहेबांनी विचारलं, नाव काढण्याच्या बाजूने कोण? तेव्हा सगळे आले.

कोणीतरी मिक्सिंगमधून टर्पेंटाइनचा डबा आणला. सगळी सभा बाहेर बोर्डापाशी. भावजींनी फडकं स्वतःच्या हातात घेतलं. नाव जाता जाईना. शेवटी नावाखालचा हिरवा रंगही निघाला आणि तिथे लाकूड दिसायला लागलं, तेव्हा ते थांबले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेलारसाहेबांनी खांद्यावर हात ठेवून विचारलं, "बोल, आता किती कर्ज देऊ?"

"कर्ज? कशाला?" भावजी म्हणाले. "मला काय करायचंय कर्ज?"

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी हंडा घेऊन नळावर गेले, तर भावजी तिथेच उभे. हातात दहाची नोट. आठवी डायरी.

माझं डोकं फिरलं. "भावजी, नाव निघालं ना? मग आता हे व्याज कशाचं भरताय?"

त्यांनी नोटेची घडी सरळ केली. मग म्हणाले, "वहिनी, सुमन गेल्यापासून माझ्याकडे म्हणून रोज येणारा तो एकच माणूस आहे. सायकलवरून उतरतो, कसा आहेस विचारतो, मग जातो. हजारात शंभर जास्त नाहीत."

हंडा भरून वाहायला लागला होता. नळ बंद केला.

म्हटलं, "ही डायरी संपली की दुसरी काढायची नाही. सकाळी सातला मी येत जाईन. माझं व्याज कमी आहे, एक कप चहा. पण तो तुम्ही करायचा, मी हात लावणार नाही."

शेवटचे दहा रुपये घेतले त्या दिवशी परसूशेठही चहाला थांबला. एक घोट घेऊन त्याने माझ्याकडे बघितलं. "बहनजी, ये तो मेरे से भी महँगा है."

आठ वर्षं झाली. भावजींना चहा अजून जमत नाही. कधी पाणी, कधी काढा. मी एक सकाळ चुकवलेली नाही.