बीडच्या वर्षावनातलं हरीण

मांजरसुंब्याजवळच्या वस्तीवर राहणाऱ्या आश्रुबाला मे महिन्यात वर्षावनाची सहल ठरवावी लागली. सहलीचा त्याला शौक नव्हता. पासष्ट वर्षांत तो हिंडायला म्हणून कुठे गेला नव्हता, शेळ्यांमागे मात्र रोज गेला होता. पण त्याची बांगडी नावाची शेळी वर्षावनात शिरली होती, आणि वर्षावनात शिरायला माणसाला आधी पर्यटक व्हावं लागत होतं.

बीड शहराच्या इतक्या जवळ वर्षावन आहे हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्यासाठी खुलासा करणं भाग आहे. तिथे एक टेकडी आहे. टेकडीवर दर जुलैत रोपं लावतात, मार्चपर्यंत ती वाळतात, आणि पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यांत नवी लावतात. खड्डे उत्तम स्थितीत आहेत. या नियमित कार्याला कायमचं नाव असावं म्हणून संबंधित कक्षाने 'वार्षिक वन' असा प्रस्ताव वर पाठवला. टंकलेखनात वार्षिक वनाचं वर्षावन झालं. वरच्यांनी ते वाचलं, बीडला वर्षावन सांभाळून ठेवल्याबद्दल अभिनंदनाचं पत्र धाडलं आणि सोबत तारेचं कुंपण मंजूर केलं. चूक कळवावी असं एका कारकुनाच्या मनात आलं होतं, पण तोवर कमानीवर अक्षरं सिमेंटमध्ये उठली होती. सिमेंटमधली चूक ही चूक राहत नाही, ते धोरण होतं.

वर्षावन म्हटल्यावर नियमावली आली. ती कुठल्याशा खऱ्याखुऱ्या ओल्या जंगलाची होती तशी उचलली होती. रेनकोट सक्तीचा, जळवांपासून बचाव म्हणून गुडघ्यापर्यंत मोजे, गट किमान तिघांचा, प्रवेश फक्त रविवारी. बाहेर बेचाळीस अंश ऊन असलं तरी नियमाला घाम येत नाही. पर्यटकांची फसवणूक होऊ नये म्हणून रविवारी अकरा ते अकरा वीस या वेळात टँकरने पाऊसही पाडला जाई. हाच ओलावा बांगडीला खालच्या वस्तीवर बसून कळला आणि कुंपणाला जिथे भोक होतं तिथून ती आत गेली.

आश्रुबा सोमवारी सकाळी फाटकावर पोचला. फाटकावर बंकट होता. तो वस्तीवरचाच, टेकडी वर्षावन झाल्यापासून वनरक्षक झालेला.

"बंकट, बांगडी आत गेली हाय बे. दार उघड."

"म्हाईत हाय तात्या. म्याच बघितली जाताना. पर आज सोमवार. आयतवारी या, बुकिंग करून."

"माझ्या शेळीला भेटाया बुकिंग कावून?"

"शेळीला न्हाई, जंगलाला. आत जनावर दिसंलच याची हमी न्हाई, असं पत्रकात छापलंय."

इथे रतनबाईबद्दल सांगायला हवं. बांगडीची आई विताना मेली होती, तेव्हा आश्रुबाच्या बायकोने, म्हणजे रतनबाईने, ते पिल्लू बाटलीने दूध पाजून वाढवलं. त्याच्या पुढच्या डाव्या पायात पांढरं कडं होतं, म्हणून नाव बांगडी. आता बांगडी पहिल्यांदाच गाभण होती आणि दिवस भरले होते. आश्रुबा हात हलवत परत आलेला पाहून रतनबाईने चूल पेटवली, भाकरी केल्या, नवऱ्याला वाढल्या आणि स्वतः कोरा चहा घेतला. "ती आल्याबिगर माझ्या घशाखाली उतरायचं न्हाई," एवढंच ती म्हणाली. सहा दिवस तिने कोऱ्या चहावर काढले. आश्रुबाला फाटकाचा राग आला नव्हता, पण त्या चहाच्या कपाचा आला.

बुकिंग करायला भाचा परमेश्वर आला. त्याचा मांजरसुंब्याला ढाबा होता आणि मोबाइलमध्ये त्याला चांगली गती होती.

"मामा, भेटीचा उद्देश इचारतंय. निसर्गाचा आनंद, अभ्यास न्हाई तर मधुचंद्र."

"खरं काय ते टाक."

"खरं यात न्हाई. आन पयले दोन पार जूनपातुर भरलेत. मधुचंद्राला जागा हाय."

"मंग तेच टाक," रतनबाई आतून म्हणाली.

अशा रीतीने लग्नानंतर पंचेचाळीस वर्षांनी उभयतांचा मधुचंद्र ठरला. सोबत भाचा कशाला, हे मोबाइलने विचारलं नाही.

इकडे वर्षावनात वेगळीच अडचण होती. जंगल मंजूर होतं, पण त्यात प्राणी नव्हता. वरून दर महिन्याला विचारणा होत होती आणि कक्षाचे साहेब दर महिन्याला 'गणना प्रगतिपथावर' असं उत्तर देत होते. त्या आठवड्यात झाडाला, म्हणजे झाड नसल्याने खांबाला, बांधलेल्या कॅमेऱ्यात एक चतुष्पाद उमटला. पायात पांढरं वलय. साहेबांनी त्याच दिवशी अहवालात 'श्वेतवलय हरीण' अशी नोंद केली.

"साहेब, ती आश्रुबा तात्याची शेळी हाय," बंकट म्हणाला.

साहेबांनी चष्मा काढला. ते वाईट माणूस नव्हते, फक्त त्यांचा अहवाल पाठवायचा राहिला होता. "हे बघा बंकट. ती शेळी असेल, तर तुमच्या कुंपणाला भोक आहे. हरीण असेल, तर तुमचं जंगल जिवंत आहे. तुम्हीच ठरवा."

बंकटला दोन मुली होत्या आणि नोकरी कंत्राटी होती. त्याने एक रात्र विचार केला. सकाळी तो म्हणाला, "शिंगं जरा हरणावानीच हायेत साहेब."

गुरुवारी बांगडी व्याली. दोन पिल्लं झाली. 'एका आठवड्यात वन्यजीवांच्या संख्येत तिपटीने वाढ' ही बातमी शनिवारी आली.

रविवारी तिघं फाटकावर हजर झाले. परमेश्वरकडे रेनकोट होता. आश्रुबा आणि रतनबाईने खताच्या गोण्यांची खोळ करून डोक्यावर घेतली होती. बंकटने ती 'स्थानिक रेनकोट' म्हणून मान्य केली आणि एक हमीपत्र पुढे सरकवलं. बारीक अक्षरात अकरा कलमं होती. परमेश्वर मोजे चढवण्यात गुंतला होता. आश्रुबाला वाचता येत नव्हतं.

"कशाचं हाय?"

"समदेच देत्यात तात्या," बंकट खाली बघत म्हणाला. आश्रुबाने अंगठा दिला.

आत शहरातली चाळीसेक मंडळी रेनकोट घालून उन्हात उभी होती. बरोबर अकराला टँकरवाल्याने पाइप उचलला आणि पाऊस सुरू झाला. मंडळींनी हात पसरून फोटो काढले. रतनबाईने कुणाकडे पाहिलं नाही. तिने तोंडावर हात धरून हाळी दिली, "ये गं बांगडे, ये, ये."

खड्ड्यांच्या पलीकडून बांगडी पळत आली. मागे दोन पिल्लं, अजून पायांवर नीट न ठरलेली. बांगडी सरळ रतनबाईच्या खोळीत घुसली. रतनबाई खाली बसली, तिच्या मानेला मिठी मारली आणि हमसून हमसून रडली. चाळीस मोबाइल वर झाले.

आश्रुबाने खांद्यावरची दोरी काढली, तेव्हा साहेब पुढे आले. "कलम सात," ते सौम्यपणे म्हणाले. "या क्षेत्रात दिसणारा प्रत्येक प्राणी वन्य असल्याचे मला मान्य आहे. खाली तुमचा अंगठा आहे."

"साहेब, ही शेळी हाय. दूध काढून दावू का?"

"दूध हरिणीलाही असतं, बाबा."

बांगडी त्याच वेळी बें बें करून ओरडली. सगळ्यांनी ऐकलं. साहेबांनी चष्म्यावरचा पाऊस पुसला. "आवाजावरून जात ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही," ते म्हणाले. अकरा वीसला पाऊस थांबला आणि पर्यटकांना बाहेर काढण्यात आलं. रतनबाईला बाहेर काढायला दोन माणसं लागली.

'आदिम माया: आजी आणि रानटी हरीण' हा व्हिडिओ त्याच दिवशी सगळीकडे पोचला. मागे बासरी घातली होती, त्यामुळे बांगडीचं ओरडणं ऐकू येत नव्हतं. पाय मात्र दिसत होता, कडं दिसत होतं, शेपटी तर अगदी स्पष्ट. लोकांनी लिहिलं, किती गोड. लोकांनी लिहिलं, प्राण्यांना माणसापेक्षा जास्त कळतं. आणि खाली अंगठे दिले.

परमेश्वरने रीतसर अर्ज केला. शेळी ओळखून परत मिळावी, एवढीच मागणी होती. उत्तर पावसाळ्यात आलं. त्या दिवशीही पाऊस नव्हता. परमेश्वरने ओसरीवर बसून वाचून दाखवलं:

"सदर प्राणी वन्य असल्याचे अर्जदाराने स्वतः अंगठा देऊन मान्य केले आहे. तसेच तो हरीण असल्याच्या चित्रफितीस बारा हजार चारशे सुशिक्षित नागरिकांनी अंगठे दिले आहेत. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे."

रतनबाईच्या हातात कोऱ्या चहाचा कप होता. "एवढ्या लोकांनी न बघताच अंगठा दिला व्हय?"

"बघून दिला मामी."

"मंग त्यांना शेळी दिसली न्हाई कावून?"

परमेश्वरने मोबाइल खिशात ठेवला. त्या व्हिडिओखाली पहिल्याच दिवशी, बाकी सगळे देताहेत म्हणून, त्याचाही अंगठा गेला होता.

आपलाही कितवा तरी असेलच. आठवत नसेल तर हरकत नाही, कक्षाकडे मोजून ठेवलेला आहे. बांगडी अजून तिथेच आहे, रविवारी अकरा ते अकरा वीस दिसते, रेनकोट आपापला आणावा. आश्रुबाने अंगठा दिला, कारण त्याला वाचता येत नव्हतं. आपल्याला येत होतं.