एक चप्पल दातांच्या रांगेत

आमच्या शेजारच्या नानांना सकाळी नऊनंतर भेटायला गेलात तर घराला कुलूप दिसेल. सरकारी दवाखान्यात गेलात तर आधी त्यांची चप्पल दिसेल. एकच. ती दातांच्या विभागाबाहेर रांगेत लावलेली असते. दुसरी असते डोळ्यांच्या विभागाबाहेर. आणि नाना स्वतः अनवाणी, कान-नाक-घशाच्या बाकावर बसून जामनेरच्या कोणा आजोबांना एक्सरे कुठे काढतात ते समजावत असतात. आपल्याकडे दवाखान्यात चपलेने नंबर धरतात हे काही नवीन नाही. पण एका जोडीत दोन नंबर धरणारा माणूस मी हा एकच पाहिला.

बरं, झालेलं काय असतं? काही नाही. दात शाबूत, नजर चांगली, घसा तर विचारूच नका. तरी सोमवारी दात, मंगळवारी डोळे, गुरुवारी कातडी असा त्यांचा नेम. केसपेपरांची चळत घरात देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात सुतळीने बांधून ठेवलेली. जाताना इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि खिशाला पेन. कोणाला वाटेल साखरपुड्याला निघालेत.

आणि मी कोण? मी विम्याची एजंट. हेल्थ पॉलिसी विकते, आणि बऱ्यापैकी विकते. जळगावभर फिरून लोकांच्या गळी पॉलिसी उतरवणारी बाई, आणि शेजार मिळाला तो या माणसाचा. भोग असतात एकेकाचे.

नाना मूळचे पिंपळनेरकडचे, रंगात आले की अहिराणीत शिरणारे. नोकरी सगळी भुसावळला, रेल्वेत. तिथल्या कॉलनीत अंगमेहनतीचा खलाशी असो की साहेब, ताप आला की दवाखाना एकच आणि बाकही एकच. त्या बाकावर नानांचं आयुष्य गेलं आणि डोक्यात एक गोष्ट पक्की बसली, की साऱ्या देशाला असाच एक दवाखाना पाहिजे आणि संगीताचा धंदा बंद पडला पाहिजे. संगीता म्हणजे मी. "आजार काय पगार इचारीसन येस का?" हे त्यांचं पालुपद.

मी अंगणात गिऱ्हाईकाला पॉलिसी समजावत असले की हे चहाचा कप घेऊन कंपाउंडवरून डोकावणार. मी म्हणणार, जुन्या दुखण्यासाठी दोन वर्षं थांबावं लागेल. लगेच नाना, "मंग दुखनाले सांगी ठेव. म्हणा, दोन साल बाहेर बस." गिऱ्हाईक हसतं. आणि हसलेलं गिऱ्हाईक सही करत नाही, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, हे मला कबूल आहे. त्यांच्यासमोर मात्र मी ते कधी कबूल करत नाही. एकदा मला म्हणाले, "गावात एकच हातपंप होता तोवर तो बिघडला की पाटीलच आधी ओरडायचा. मग पाटलाने घरी बोअर पाडलं. त्या दिवसापासून पंप मोडेल शे, कोणी ओरडत नाही. तू लोकांना बोअर विकतेस, संगीता."

मी म्हटलं, "आणि पंप दुरुस्त होईस्तोवर तहानलेल्याने काय करायचं, नाना?"

नानांनी चहा संपवला. उत्तर नसलं की ते चहा संपवतात.

इस्त्रीच्या शर्टाचं गूढ हेच. चांगल्या कपड्यातली माणसं रांगेत दिसली तर दवाखाना साऱ्यांचा होतो, असा त्यांचा सिद्धांत. त्यामुळे कॉलनीत कोणाला शिंक आली की नाना दारात हजर. बँकेतून निवृत्त झालेल्या एका मॅनेजरसाहेबांना त्यांनी साध्या खोकल्यासाठी रांगेत उभं केलं होतं, तेही सफारी घालून.

एकदा तर कहर झाला. मागच्या गल्लीतल्या गरोदर सुनेला उन्हात उभं राहवेना, म्हणून तिचा केसपेपर घेऊन नाना बायकांच्या रांगेत उभे राहिले. सून झाडाखाली बसली आणि तिचा डोळा लागला. इकडे नंबर पुकारला. आता हाती आलेला नंबर सोडणं म्हणजे नानांच्या दृष्टीने महापाप. ते सरळ आत जाऊन स्टुलावर बसले. डॉक्टरीणबाईंनी कागदावरून मान वर न करता विचारलं, "कितवा महिना?" नाना गंभीरपणे म्हणाले, "सातवा. पहिलंच शे." त्या बाई अजून नानांना पाहिलं की तोंडाला रुमाल लावतात.

तर असे हे नाना दिवाळीनंतर पायऱ्या चढताना पोटाखाली हात धरायला लागले. सगळ्या विभागांचे उंबरे झिजवणारा माणूस, पण सर्जरीच्या दाराकडे काही फिरकेना. शेवटी मीच मागे लागून दाखवायला लावलं. हर्निया निघाला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लवकर उरका, आतडं अडकलं तर जिवावर बेतेल.

नानांचा मुलगा प्रशांत पुण्याला असतो. वडिलांची पॉलिसी त्याने माझ्याकडूनच घेतलेली. त्याचा फोन आला, "ताई, चांगल्यातलं खाजगी हॉस्पिटल बघा, स्पेशल रूम घ्या. ऑपरेशनच्या सकाळी मी पोचतो." मी कंबर कसून कामाला लागले. मोठी खिडकी, एसी, भिंतीवर टीव्ही अशी खोली ठरवली. कंपनीची मंजुरीही आली. इतक्या वर्षांचं भांडण मी जिंकले होते. नानांना सगळं सांगितलं. त्यांनी नुसता चहा संपवला. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

ठरल्या दिवशी सकाळी मी रिक्षा घेऊन दारात गेले, तर कुलूप. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रिक्षा तशीच सरकारी दवाखान्यात घेतली. पुरुषांच्या सर्जरी वॉर्डात, तिसऱ्या कॉटवर, हिरवा गाऊन घातलेले नाना बसलेले. रोजच्या फेरीच्या नावाखाली तपासण्या उरकून आदल्या संध्याकाळी स्वतःच भरती झालेले. आणि बसल्या जागेवरून शेजारच्याचं सलाईन संपतंय का ते बघत होते.

मी भांडले. वॉर्ड ऐकतोय याची पर्वा केली नाही. "प्रशांत तिकडे गाडीत बसलाय. तिकडे खोली राखून ठेवलीय. सिद्धांत मोठा की जीव मोठा, नाना?"

आता हे भाषण ठोकणार, म्हणून मी पदर खोचून तयारच होते. पण नाना हळू आवाजात म्हणाले, "ती खोली मी परवा पाहून आलो, बेटा. चांगली शे. दार लागलं की बाहेरचा आवाजच येत नाही." मग चादरीची घडी सारखी करत म्हणाले, "तश्या खोल्या मना घरमा चार शेतस."

मी खोचलेला पदर सोडला.

"तुझी काकू होती तोवर उठल्याबरोबर विचारायची, आज कसं वाटतंय. ती गेली. प्रशांत फोनवर विचारतो, गोळ्या घेतल्या का. पण कसं वाटतंय ते इथलेच डॉक्टर विचारतात. केसपेपर काढला की त्यांना विचारावंच लागतं. दातवाला विचारतो, डोळेवाला विचारतो. म्हणून येतो मी."

मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहते. त्यांच्या पॉलिसीचा फॉर्म मीच भरलेला, त्यांचा रक्तदाब मला पाठ, साखर पाठ. पण त्या माणसाला सहज म्हणून, नाना कसं वाटतंय, असं मी एकदाही विचारलं नव्हतं. लाज वाटली मला, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात सिस्टर आल्या. "आजोबांसोबत कोण आहे?"

शेजारच्या कॉटवरच्याने सलाईनचा हात वर केला. "मी शे."

"तुम्ही स्वतः पेशंट आहात, काका."

"मी आहे," मी म्हटलं आणि सही केली. मग प्रशांतला फोन लावला. इकडेच ये म्हटलं, आणि आल्यावर फोनवर बोलत उभा राहू नकोस, बापाजवळ बस. तिकडची खोली मी रद्द केली. माझ्या धंद्यात हे पहिल्यांदाच घडत होतं, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही.

ऑपरेशनला तासभर अवकाश होता. मी स्टूल ओढून कॉटजवळ बसले. "बोला नाना, आज कसं वाटतंय?"

नानांनी माझ्याकडे नीट पाहून घेतलं. विचारतेय ते खरंच का, याची खात्री केली असावी. मग पाठीशी उशी घेतली आणि सुरुवात केली ती पायाच्या अंगठ्यापासून. टाच झाली, गुडघे झाले, गुडघ्यांवरून भुसावळची थंडी निघाली, थंडीवरून काकूंनी विणलेला स्वेटर निघाला. शेजारच्या कॉटवरचाही कुशीवर वळून ऐकायला लागला. न्यायला माणसं आली तेव्हा आम्ही कसेबसे कमरेपर्यंत पोचलो होतो.

"चला आजोबा," त्यातला एक म्हणाला.

"दोन मिनिट थांब ना भाऊ," नाना स्ट्रेचरवर आडवे होत म्हणाले, "आखो बरंच सांगानं बाकी शे."