घागरीचा मान

"घागर न्हाई, तर सांगली न्हाई," असं म्हणून सुभेदार मानसिंगांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. त्यांच्यापुरता विषय संपला होता.

क्रांतीसाठी तो आत्ता कुठे सुरू झाला होता. ती त्यांची थोरली मुलगी, वीस वर्षांची, सांगलीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. अजून एक वर्ष शिल्लक होतं आणि वसतिगृहात ठेवायचं की नाही हे सुभेदारांच्या हातात होतं.

"मी देव मानत न्हाई, आप्पा. मग त्याला आंघोळ कशाला घालू?"

"मी तरी कुठं मानतो? अठ्ठावीस वर्षं बॉर्डरवर काढली. देव किती धावतो ते बघितलंय. पर घागर आपल्या घराची हाय."

घागरीचं असं होतं. साताऱ्यापासून तासाभरावरच्या त्यांच्या गावात चार दिवसांनी भैरोबाची यात्रा होती. यात्रेच्या सकाळी सुभेदारांच्या घरच्या थोरल्या, बिनलग्नाच्या मुलीनं कृष्णेवरून घागरभर पाणी आणायचं, त्या पाण्यानं देवाला आंघोळ घालायची, मगच पालखी उचलायची. तिनं नकार दिला, तर मान भावकीतल्या लालासाहेबांच्या घरी जाणार. लालासाहेब यात्रा कमिटीचे अध्यक्ष. त्यांनी आपल्या राजनंदिनीसाठी तांब्याची नवी घागर चिंचेनं घासून तयार ठेवली होती.

"नऊ वर्षांची असल्यापासून आणतेय मी," क्रांती म्हणाली. "वाटेत कुणी हाक मारली तरी वळून बघत नव्हते, देवाचं पाणी बाटंल म्हणून. सोळाव्या वर्षी नेमकी यात्रेदिवशी मी बाजूला होते. दुसरा दिवस. भीतीनं कुणाला बोलले न्हाई. तशीच घागर आणली आन् वाट बघत बसले. आज वीज पडंल, उद्या अंगावर फोड येतील. वर्षभर बघितली. काय बी झालं न्हाई. एखाद्याची किती वाट बघायची माणसानं?"

तिची आई अंजना वाढत होती. तिची पळी पातेल्यावर थांबली. दारात शेजारची सुलाबाई वाटी घेऊन विरजण मागायला आली होती. ती विरजण न घेताच गेली.

सकाळी नऊच्या आत सुभेदारांना मुलीसह देवळात बोलावणं आलं. सभामंडपात पन्नासेक माणसं बसली होती. समोर लालासाहेब.

"चार वर्षं आमी बाटलेल्या देवाची पालखी वाहिली," ते म्हणाले. "गावाचं काय काय गेलं, बोला एकेकानं."

गाव बोललं. कुणाची म्हैस आटली होती. लालासाहेबांचा विश्वजित पोलीस भरतीत अर्ध्या सेंटीमीटरनं राहिला होता. एकाची मोटार विहिरीत पडली होती, एकाचा जावई. सगळ्याचा जाब क्रांतीला विचारला गेला. जावई पोहता येत असल्यानं बचावला होता, पण तक्रार त्याच्या सासऱ्याची होती.

क्रांतीचे कान तापले. "थांबा. मी तशी घागर आणली त्या सालाचं बोला. फक्त त्या सालाचं."

माणसं आठवू लागली. त्या साली ऊस एकरी ऐंशी टन पडला होता. गावातली तीन पोरं एकाच भरतीत लष्करात लागली होती. सुलाबाईच्या सुनेला नऊ वर्षांनी दिवस गेले होते.

"बघा," क्रांती म्हणाली. "त्याला काही फरक पडत न्हाई. आपण चार दिवस बायकांना उंबऱ्याबाहेर बसवतो, लोणच्याला हात लावू देत न्हाई, आन् तिकडं दगडाला पत्ता नसतो."

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. आता यांच्या डोक्यात प्रकाश पडेल, असं तिला वाटलं. प्रकाश पडला, पण दुसरीकडेच. खांबाला टेकून बसलेली हरणाबाई, गावातली सगळ्यात वयस्कर बाई, म्हणाली, "म्हंजे देवाला चाललं म्हणायचं."

"चाललं काय, लय मानवलं," मागून कुणीतरी दुरुस्ती केली. "ऐंशी टन म्हंजे काय गंमत हाय व्हय?"

"मी काय सांगतेय आन् तुमी काय ऐकताय?" क्रांती ओरडली. पण तोवर अर्जुना गुरवानं सोवळं नेसून कौल लावायला घेतला होता. देवाच्या दोन्ही खांद्यांवर त्यानं पाण्यानं एकेक कळी चिकटवली. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

"देवा, ह्या पोरीची तसली घागर तुला चालती का?"

उजवी कळी पडली. लालासाहेबांनी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा उजवीच पडली.

"त्या बाजूला पंखा चालू हाय," क्रांती म्हणाली. पंखा लालासाहेबांनीच दिलेला होता आणि तिन्ही पात्यांवर देणगीदार म्हणून त्यांचं नाव होतं. त्यामुळे पंख्यावर संशय घेणं त्यांनाही अवघड गेलं. बाहेर पडताना दोन बायका क्रांतीच्या पाया पडल्या. तिसरीला तिनं झिडकारलं, तर ती म्हणाली, "वारं हाय अंगात."

त्याच संध्याकाळी लालासाहेब सुभेदारांच्या सोप्यात येऊन बसले. चहा झाला, उसाचा दर झाला. मग त्यांनी तुळईकडे बघत विचारलं, "सुभेदार, छापखानावाला खोळंबलाय. यात्रेची तारीख काय टाकू?"

"ठरलीय की."

"ती झाली जुनी. आता त्या सालासारखंच व्हाया पायजे. म्हणजे पोरीची... तिची तारीख. त्या हिशोबानं यात्रा पुढं घेऊ. कमिटीचा ठराव झालाय."

सुभेदारांनी कारगिलचा डोंगर पाहिला होता, पण असा प्रश्न पाहिला नव्हता. त्यांनी रिकामी बशी पुन्हा तोंडाला लावली. क्रांती आतून बाहेर आली. ती रागानं लालबुंद झाली होती, पण आवाज खाली होता.

"काका, त्या साली होतं तसंच तंतोतंत पाहिजे?"

"तंतोतंत, पोरी."

"त्या साली कुणालाच ठाऊक नव्हतं. आता गावाला ठाऊक हाय, ठरावात लिहिलंय. माझी घागर बाद झाली."

लालासाहेबांनी विचार केला. त्यात खोट सापडली नाही. "मग आणायची कुणी?"

"जिचं कुणाला ठाऊक न्हाई तिनं. आन् ठाऊक व्हायला नको असंल, तर विचारायचं न्हाई. कुठल्याच पोरीला. कवाच."

"राजनंदिनीचं मला काय बी ठाऊक न्हाई," लालासाहेब ताबडतोब म्हणाले आणि चप्पल शोधायला लागले. पायरी उतरता उतरता त्यांनी छापखान्याला फोन लावून जुनीच तारीख सांगितली.

त्यांची पाठ वळल्यावर सुभेदारांनी बशी जमिनीवर आदळली. "चार पिढ्यांचा मान दोन मिनिटांत देऊन टाकलास. तुझी सांगली बंद. उद्या जाऊन वळकटी घेऊन ये."

क्रांती काही बोलणार, एवढ्यात दारात उभी असलेली अंजना म्हणाली, "आवं, मग निवदाचा मानबी देऊन टाका त्यास्नी."

"निवदाचा का?"

"बावीस वर्षं भैरोबाचा निवद ह्या हातानं रांधला. सासूबाई गेल्या तवापासनं घरात दुसरी बाई होती का रांधायला? बावीसातल्या सात यात्रांना मी बाजूला होते. साल सांगू का? पहिल्यांदा तुमी सुट्टीवर आला हुता. पुरणपोळ्या चार खाल्ल्या तुमी."

क्रांती आईकडे वळली. "आई, तूसुद्धा न्हाई मानत देव?"

"मानते की," अंजना चिडून म्हणाली. "म्हणून तर उपाशी ठेवला न्हाई त्याला."

ती कपबश्या उचलून आत गेली. सुभेदारांनी घसा साफ केला, दार लोटून घेतलं आणि आवाज उतरवून क्रांतीला विचारलं, "वळकटी ऱ्हाऊ दे तिथंच. सांगलीची पहिली यष्टी किती वाजता हाय?"